कॉलेज फुटबॉलचे जुने कागद असे जपा

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला कॉलेज करून गावी परतलेल्यांच्या ट्रंकेत आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची प्रमाणपत्रं, संघाचे फोटो, पेपरची कात्रणं सापडतात. ती लॅमिनेट करू नका. प्लास्टिक परत निघत नाही, कागदासकट जातं. सेलोटेपही नको, त्याचा डाग राहतो. पेपरचा कागद आम्लामुळे पिवळा, ठिसूळ होतो. कात्रण प्रमाणपत्राला चिकटून ठेवू नये. पावसाळ्यात ट्रंक ओलीच्या भिंतीपासून लांब ठेवावी, बुरशी लवकर धरते.

संघाच्या फोटोमागे कडेला मऊ पेन्सिलने, न दाबता वर्ष, कॉलेज अन् खेळाडूंची नावं लिहा. हे आधी करा, चेहरे ओळखणारी माणसं आहेत तोवर. मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात.