वसुलीवाल्याच्या खात्यातून

साबण, टूथपेस्ट, चहा असा माल पुरवणाऱ्या एका डिस्ट्रिब्युटरकडे मी नोकरीभर वसुलीचं काम केलं. मोठ्या दुकानांची चढाओढ म्हटली की लोकांना 'एकावर एक फुकट'च्या पाट्या आठवतात. मला आठवतं, कुणाचं बिल किती दिवसांनी सुटायचं. दुकानं जिंकली-हरली ती या हिशेबावर आणि जागेच्या भाड्यावर, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत अशा मोठ्या दुकानांची सुरुवात नफ्यासाठी झालीच नव्हती. १९४८ साली, रेशन आणि काळ्या बाजाराच्या दिवसांत, नायगावात 'मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ' निघालं. एवढं लांब नाव कोण घेणार? पुढे ते 'अपना बाजार' म्हणूनच ओळखलं गेलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर भाव भडकले, तेव्हा केंद्र सरकारनेही ग्राहक भांडारांना भांडवल पुरवलं. १९६८ साली मुंबईत 'सहकारी भांडार' आलं. या दुकानांचा सामना एकमेकांशी नव्हता, नाक्यावरच्या वाण्याशी होता. यांच्याकडे वाजवी भाव आणि चोख माप. वाण्याकडे पगारापर्यंत थांबणारी उधारीची वही. माझे वडील गिरणीत होते, आमच्या घरी दोन्हीकडून सामान यायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारच बंद, तिथे वही कसली चालणार आणि वाजवी भाव तरी कुणाला परवडणार?

पुढची गोष्ट मला फार गमतीची वाटते. शेअर बाजारातले बडे गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी दुकानदारीचे धडे गिरवले ते अपना बाजारच्याच पाटीखाली. १९९९ च्या सुमारास नेरूळला त्यांनी अपना बाजारची फ्रँचायझी घेतली. २००२ मध्ये पवईला स्वतःचं पहिलं डी-मार्ट उघडलं. कामगारांच्या सहकारातून शिकलेला धंदा २०१७ च्या मार्चमध्ये शेअर बाजारात आला, तेव्हा २९९ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. नेरूळला त्यांच्यासोबत असलेले दामोदर मॉल नंतर फ्यूचर समूहात गेले, तिथून रिलायन्स रिटेलमध्ये. गल्ले तीन, पण माणसं फिरून तीच.

किशोर बियाणींच्या याच फ्यूचर समूहाचं बिग बझार २००१ मध्ये सुरू झालं, तेही स्वस्ताईच्याच नावावर. पण त्यांची स्वस्ताई सणासारखी यायची. २६ जानेवारी २००६ ला 'सबसे सस्ता दिन' जाहीर झाला, तर गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. लोअर परळला त्यांचं दुकान फिनिक्स गिरणीच्या आवारात होतं. ज्या भागात कामगारांनी स्वस्त धान्यासाठी मंडळ काढलं, तिथेच हे. आमच्या चाळीतली पोरं तिथे ट्रॉली ढकलायला जायची, कौतुकाने.

डी-मार्टकडे असली जत्रा नव्हती. जाहिरात जेमतेम, दुकान मॉलबाहेर आणि जागा बहुतेक स्वतःच्या मालकीची. शिवाय पुरवठादाराचे पैसे लवकर. बाकीचे महिनाभर लावायचे, तिथे यांचे दहा-अकरा दिवसांत मिळायचे. समजा, शंभराचा माल आहे. पैसे आठवड्या-दीड आठवड्यात हातात येणार असतील, तर कुठलाही पुरवठादार दोन-तीन रुपये खुशीने सोडतो. तेवढ्या पैशात त्याचा पुढचा माल उचलला जातो. ते दोन-तीन रुपये दुकानदार गिऱ्हाइकाला देतो, माल झटपट खपतो आणि खपलेल्या मालातूनच आमचं बिल भागतं. वसुलीवाल्याला खेटे घालायला लागत नाहीत, हाही एक खर्च वाचलाच की. उलट एका साखळीच्या ऑफिसात (नाव घेत नाही) मी तासन् तास बाकड्यावर बसलोय. शेवटी साहेब जेवायला गेलेले असायचे.

बिग बझारचं घोडं अडलं ते भाड्यावर. दुकानं भाड्याची, डोक्यावर कर्ज, त्यात २०२० ची टाळेबंदी. त्या ऑगस्टमध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा सौदा ठरला, अ‍ॅमेझॉनने तो कोर्टकचेरीत अडवला. दरम्यान भाडं थकलेल्या जागांचे करार रिलायन्सने आपल्या नावावर घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी त्या दुकानांचा ताबाच घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये सौदा मोडला, पण तोवर दुकानं गेलेली होती. मालाच्या भावात कुणी हरवलं नाही. घरमालक बदलला आणि खेळ संपला.

याच सुमाराला आमच्या धंद्यावर बेतलं. कंपन्या मोठ्या घाऊक साखळ्यांना जो भाव देत, तो आम्हा डिस्ट्रिब्युटरांना देईनात. त्यावरून २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या डिस्ट्रिब्युटरांनी काही माल उचलायचंच थांबवलं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण आमच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरकडचा पोरगा सांगायचा: वाण्याकडे ऑर्डर घ्यायला गेलं की तो मोबाइल पुढे करतो, अ‍ॅपवरचा भाव दाखवतो आणि म्हणतो, "याच्या खाली बोला, नाहीतर चहा घेऊन जा."