साखळीतले 32 कण

मागच्या वेळी आपण बोल्ट्झमनपाशी थांबलो होतो. कण एकमेकांशी झटत राहिले की ऊर्जा सगळ्यांत विखुरते, एन्ट्रॉपी वाढते, हे तोवर सगळ्यांनी मानलं होतं. पण एकेका कणाचा हिशेब ठेवत ते घडताना पाहायचं कसं? हाताने ते गणित आवरणारं नव्हतं.

1953 साली लॉस अलामॉसला मेनिॲक हा संगणक हाताशी होता. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम यांनी साधी साखळी घेतली: 32 कण, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत स्प्रिंगा. स्प्रिंग अगदी सरळ नियमाने वागली, तर प्रत्येक कंपनप्रकार आपली ऊर्जा धरून बसतो. देवाणघेवाण होतच नाही. म्हणून त्यांनी बलात थोडा वाकडेपणा घातला. सुरुवातीची सगळी ऊर्जा दिली सर्वांत लांब लाटेला.

अपेक्षा होती, ती हळूहळू सगळीकडे वाटली जाईल. वाटली गेली, पण मोजक्याच प्रकारांत. आणि मग जवळजवळ सगळी पहिल्या लाटेत परत आली! दुधात विरघळलेली साखर पुन्हा चमच्यात गोळा व्हावी, तसं.

फर्मी 1954 मध्ये गेले; अहवाल 1955 चा. याच कोड्यातून 1965 मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल सॉलिटॉनपर्यंत पोचले. आपण शिकलो ते हे, की नुसती परस्परक्रिया पुरत नाही. ती किती आणि किती वेळ, हेही पाहावं लागतं.

एक नाव मात्र राहायला नको. प्रोग्रॅम लिहिला मेरी त्सिंगू यांनी. अहवालाच्या लेखकांत त्या नाहीत, आभारांत आहेत. कुठे तीनच नावं वाचलीत, तर चौथं आपण जोडायचं.