आडव्या अक्षाची कैफियत

आकाशातील रेडिओ-उगमांचा ठाव घेण्यासाठी दोन अँटेना परस्परांपासून दूर उभ्या करून त्यांचे संकेत जुळविण्याची जी विद्या, तिला व्यतिकरणमापन म्हणतात. आणि या विद्येत प्रथम हाती येते ते चित्र नसून, अँटेनांच्या प्रत्येक जोडीमागे व प्रत्येक क्षणामागे एक आयाम आणि एक कला, अशा आकड्यांची प्रचंड रास असते. या राशीचा आलेख काढताना उभ्या अक्षावर आयाम घ्यावा की कला, एवढीच काय ती पसंती उरते. परंतु आडव्या अक्षावर काय घ्यावे, या प्रश्नाला मात्र पाऊणशे वर्षांची कैफियत आहे, आणि माझ्या मते ती दुर्बिणींच्या इतिहासाहून कमी मनोरंजक नाही.

पहिल्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही, कारण यंत्रानेच त्याचा निकाल लावून टाकला होता. १९४६ साली सिडनी येथील डोव्हर हाइट्सच्या समुद्रकड्यावरून, समुद्राचे पाणी हाच दुसरा अँटेना मानून, मॅकरेडी, पॉसी आणि रूबी पेन-स्कॉट यांनी उगवत्या सूर्याचा वेध घेतला, तेव्हा कागदाची पट्टी घड्याळाच्या चालीने सरकत असे आणि लेखणी तीवर वरखाली होत असे. अर्थात आडवा अक्ष काळाचा, त्यात दुसरी तजवीज नाही. तथापि त्या वरखाली होणाऱ्या रेघेची शिखरे उंच व दऱ्या उथळ का, याचा विचार करता करता १९४७ च्या निबंधात त्यांनी असे नमूद करून ठेवले की, दोन अँटेनांमधील एकेक अंतर हे उगमाच्या आकाराचा फूरिये-विश्लेषणातील एकेक घटक देते. म्हणजे सिद्धान्तात अंतराचा अक्ष आला. पट्टीवर मात्र काळच राहिला.

पुढे सिडनीच्याच पॉट्स हिल येथे ख्रिश्चन्सेन यांनी सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्यांची रांग मांडली, तेव्हा काळाच्या या अक्षाला निराळाच अर्थ आला: पृथ्वीच्या फिरण्याने सूर्य त्या रांगेच्या अरुंद पट्ट्यांतून सरकत असल्यामुळे कागदावरील मिनिटे म्हणजे सूर्यबिंबावरील अंशच होत. त्या तबकड्यांशी आपलाही संबंध आहे. १९५३ ते १९५५ या काळात तेथे काम केलेले गोविंद स्वरूप यांनी त्या हिंदुस्थानात आणविल्या, आणि १९६५ साली मुंबईनजीक कल्याण येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने त्या पुन्हा सूर्याकडे वळल्या.

काळाला आडव्या अक्षावरून खाली उतरविण्याचे खरे श्रेय मात्र इंग्लंडातील जॉड्रेल बँक येथील जेनिसन आणि कलकत्त्याहून गेलेले मृणालकुमार दासगुप्त या जोडीचे, असे मला वाटते. हंस तारकासमूहातील प्रखर उगमाचा वेध घेताना त्यांनी एक अँटेना वारंवार नव्या ठिकाणी हलविला, आणि १९५३ साली जे प्रसिद्ध केले त्यात आडव्या अक्षावर अँटेनांमधील अंतर व उभ्या अक्षावर सहसंबंधाचे प्रमाण होते. अंतर वाढेल तसतसे प्रमाण घसरत जाईल, अशी कोणाचीही अपेक्षा. ते घसरलेही, परंतु जवळजवळ शून्यास टेकून ते पुन्हा वर चढले. एकसंध बिंबाने असे करावयास नको होते. चंद्रबिंबाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतक्या अंतरावर असलेले दोन सारखे उगम मानले की वक्राचे कोडे सुटते. आज आपण ज्या आकाशगंगांच्या दोन्ही बाजूंना रेडिओ-प्रभावळी पाहतो, त्यांची पहिली खबर या एका वक्राने दिली. वेगवेगळ्या दिशांना अँटेना मांडून त्यांनी दिशेचीही रुजुवात घेतली होती. ती घेतली नसती तर अंतराच्या अक्षाने दिशेची माहिती गिळून टाकली असती, आणि हा दोष त्या अक्षाच्या अंगी आजही आहे.

केंब्रिजला राइल यांनी पृथ्वीच्या परिवलनालाच कामास लावले व १९६४ साली एक मैल लांबीची दुर्बीण उभी केली, तेव्हा दोन्ही अक्ष अंतराचेच झाले: पूर्व-पश्चिम एक, उत्तर-दक्षिण एक, आणि प्रत्येक जोडी त्या प्रतलावर दीर्घवर्तुळाचा भाग रेखू लागली. आकडेमोड इतकी वाढली की संगणकाविना तिला तरणोपाय राहिला नाही. मग अमेरिकेतील राष्ट्रीय वेधशाळेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'एप्स' नावाची प्रणाली सुरू केली. तीत निरनिराळ्या अक्षांसाठी निरनिराळे कार्यक्रम होते. त्यांपैकी एकात पडद्यावर आडवी अँटेनांच्या जोड्यांची रांग, उभा काळ, आणि आयामाच्या जागी प्रकाशाची तीव्रता. संशयित तुकडा पडद्यावरच निवडून बाद करता येई. महसुलाच्या दप्तरात तीच जमीन सातबाऱ्यावर गटाच्या क्रमांकाने आणि आठ-अवर खातेदाराच्या नावाने उतरते, आणि भानगड एका कागदावर न दिसता दुसऱ्यावर दिसते, तसाच हा प्रकार.

नारायणगावजवळच्या खोडद येथे स्वरूप यांच्याच कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, म्हणजे ४३५ जोड्या आहेत. कंप्रतेच्या २,०४८ वाहिन्या धरल्या तर एकेका ध्रुवणाच्या एकेका नोंदीतच ८ लाख ९० हजारांवर संख्या जमतात. एखाद्या अँटेनाच्या कलेने मध्येच उडी घेतली, तर काळाच्या अक्षावर तिच्या एकोणतीसही जोड्यांत ती एकाच क्षणी दिसते, आणि गुन्हेगार कोण हे विचारावे लागत नाही. वाहिनी आडवी व काळ उभा घेतला, तर विजेच्या तारांवरील ठिणग्या साऱ्या वाहिन्यांवर आडव्या रेघा ओढून जातात, आणि प्रक्षेपकाचा संकेत एकाच वाहिनीत तासन्‌तास उभा राहतो. हल्ली अशा दूषित नोंदींची छाटणी पुष्कळशी आपोआप होते; तरीही बिंदुवत मानलेल्या ३सी २८६ सारख्या प्रमाण-उगमाचा आयाम अंतराच्या अक्षावर सपाट रेघेसारखा आला की नाही, हे पाहिल्यावाचून पुढे जाण्याचा रिवाज नाही, आणि रेघेबाहेर काही बिंदू भरकटलेले दिसलेच, तर त्यांची जोडी व वेळ काढून घेऊन काळाच्या आलेखावर त्यांचा माग काढावा लागतो.