०.७ टक्क्यांचे कूळ

श्रीमंत देशांनी गरीब देशांना किती द्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर जगाने ठरवून ठेवले आहे : आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के. शंभर रुपयांमागे सत्तर पैसे. २४ ऑक्टोबर १९७० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते ठरावात घातले. अमेरिकेने ते कधीच पत्करले नाही. २०२४ साली प्रमुख दात्या देशांपैकी फक्त चौघांनी ते पाळले : नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. सर्वांची मिळून सरासरी भरली ०.३३ टक्के. या आकड्यावरून भांडणे पुष्कळ होतात. मला त्याच्या जन्माची ओढ लागली ती एका नावामुळे.

संयुक्त राष्ट्रांनी १९५१ साली अविकसित देशांच्या आर्थिक विकासावर एक अहवाल काढला. तो लिहिणारे तज्ज्ञ पाच. चिलीचे आल्बेर्तो बाल्त्रा कोर्तेस, लेबनॉनचे जॉर्ज हकीम, अमेरिकेचे थिओडोर शुल्ट्झ, सेंट लुसिया बेटावर जन्मलेले आणि तेव्हा मँचेस्टरला शिकवणारे आर्थर लुईस. आणि पाचवे, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले तेच गाडगीळ. लुईस आणि गाडगीळ यांनी एकत्र बसून अहवाल लिहिला, हे कळल्यावर मी ०.७ चा माग काढू लागलो. कारण या आकड्याच्या जन्मकथेत लुईस यांचे नाव हटकून येते.

आधी सर्वांना ठाऊक असलेला भाग उरकून घेतो. ०.७ हा १ टक्क्यातून निघालेला आकडा आहे. १९५८ साली जागतिक चर्च परिषदेने १ टक्क्याची मागणी केली, १९६० साली आमसभेने ती उचलली, १९६४ च्या जिनिव्हा आणि १९६८ च्या दिल्ली व्यापार परिषदेत ती पक्की झाली. पण त्या १ टक्क्यात खासगी कंपन्यांची गुंतवणूकही धरलेली होती आणि ती काही सरकारच्या हुकमाने होत नाही. म्हणून डच अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांच्या समितीने फक्त सरकारी मदतीसाठी ०.७५ सुचवले. १९६९ साली कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पियर्सन यांच्या आयोगाने त्याचे ०.७ केले. इथवर वाद नाही.

वाद आहे तो त्या मूळच्या १ टक्क्याचा. चर्चच्या दशांशातून तो आला, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. धर्मादायाचा हिशेब दहाव्या हिश्श्याचा. तिथून शंभराव्या हिश्श्यावर येण्याचे कारण कोणी देत नाही. शिवाय चर्च परिषदेची मागणी १९५८ ची, आणि आकडा त्याआधीच फिरू लागला होता.

दुसरी हकीगत खुद्द लुईस यांनी सांगितलेली आहे. पुढे ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते झालेले ह्यू गेट्सकेल यांनी त्यांना विचारले, मदत किती असावी? लुईस यांचा एक विद्यार्थी तेव्हा फ्रेंच वसाहतींचा अभ्यास करत होता. फ्रान्स आपल्या वसाहतींवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का खर्च करतो, असे त्याला आढळले होते. लुईस यांनी तोच आकडा पुढे केला. म्हणजे न्याय म्हणून मागितल्या जाणाऱ्या रकमेचे माप साम्राज्याच्या खर्चवहीतून निघाले! अनेक अभ्यासक या हकिगतीवर थांबतात. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ती अपुरी आहे. एका विद्यार्थ्याच्या आकडेमोडीतून निघालेला आकडा एका बड्या राजकारण्याला चटकन पटावा, यासाठी तो कानाला आधीच ओळखीचा असावा लागतो.

आणि तो होता. ९ नोव्हेंबर १९४३ रोजी ४४ देशांनी व्हाइट हाउसमध्ये उन्रा या मदत व पुनर्वसन संस्थेच्या करारावर सह्या केल्या. लगोलग अटलांटिक सिटीत भरलेल्या पहिल्या बैठकीत वर्गणीचे सूत्र ठरले : ज्या देशाची भूमी शत्रूच्या ताब्यात गेलेली नाही, त्याने जून १९४३ अखेरच्या वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नापैकी सुमारे १ टक्का द्यावा. अगदी हाच आकडा, हीच पद्धत, आणि तीही गेट्सकेल-लुईस भेटीच्या कितीतरी आधी. सह्या करणाऱ्यांत हिंदुस्थानही होता. त्याने पुढे आठ कोटी रुपये दिले. सह्या झाल्या तेव्हा बंगालमध्ये माणसे उपासमारीने मरत होती, आणि उन्राचे काम मुख्यतः शत्रूकडून सोडवलेल्या प्रदेशांसाठी होते. १ टक्क्याच्या या पहिल्या प्रयोगात आपण देणाऱ्यांच्या रांगेत उभे होतो, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

१९४३ पासून गेट्सकेल यांच्यापर्यंत हा धागा कागदोपत्री जोडलेला मिळत नाही. पण माणसे जोडलेली आहेत. युद्धाच्या सुरुवातीला गेट्सकेल ब्रिटनच्या आर्थिक युद्ध मंत्रालयात होते. तिथले महासंचालक फ्रेडरिक लीथ-रॉस. युद्धोत्तर मदतीची दोस्त राष्ट्रांची पूर्वतयारी याच लीथ-रॉस यांनी लंडनमध्ये केली आणि नंतर ते उन्राचे उपमहासंचालक झाले. लुईसही त्या काळात लंडनमध्ये, आधी व्यापार मंडळात आणि मग वसाहत खात्यात. तेव्हा १ टक्का हे दोघांच्याही सरकारी वर्तुळातले चलनी नाणे होते, अशी माझी खात्री आहे. विद्यार्थ्याच्या फ्रेंच आकड्याने त्यावर फक्त शिक्का मारला.

मात्र १ टक्का दात्याच्या ऐपतीतून आला, गरजवंताला किती लागेल यातून नव्हे. उलट्या दिशेने मोजायला बसले ते १९५१ चे पाच जण. त्यांनी विचारले : गरीब देशांत माणशी उत्पन्न वर्षाला २ टक्के वाढवायचे तर भांडवल किती लागेल? उत्तर आले सुमारे १९०० कोटी डॉलर. त्या देशांची स्वतःची बचत त्याच्या जेमतेम पाव. तूट भरायला बाहेरून दरसाल १००० कोटी डॉलरहून अधिक यायला हवेत. त्या काळाच्या मानाने हा प्रचंड आकडा होता आणि श्रीमंत देशांनी तो बाजूला सारला. पण रीत टिकली. वाढीचे उद्दिष्ट धरा, लागणारे भांडवल काढा, बचत वजा करा, उरेल ती मदत. टिनबर्गेन यांनी ०.७५ काढले ते याच रीतीने. म्हणून ०.७ चे कूळ मी दुहेरी मानतो. १ टक्क्याची वर्गणी अटलांटिक सिटीची, गरजेचे गणित १९५१ च्या टेबलावरचे. आणि त्या टेबलावर दुष्काळी दख्खनची शेती गावोगाव तपासलेला माणूस होता. गाडगिळांना या कथेत कोणी जागा देत नाही, हे मला साफ चूक वाटते.

या कुळाचा सर्वात जोरदार प्रतिवाद मायकेल क्लेमेन्स आणि टॉड मॉस या अभ्यासकांनी २००५ साली केला. जुनी रीत आजच्या आकड्यांवर चालवली तर उत्तर हास्यास्पदरीत्या छोटे येते, कारण श्रीमंत देश आणखी श्रीमंत झाले. तेव्हा हा आकडा सोडून द्या, असे त्यांचे म्हणणे. हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. १९५१ च्या सूत्रात कारखाने आणि शेती होती. एचआयव्हीची औषधे नव्हती, बालकांच्या लसी नव्हत्या, समुद्राची पातळी वाढल्याने बुडणारे किनारे नव्हते. गरज नव्याने मोजा, हे मला मान्य आहे. जुन्या गरजा धरून नवे उत्पन्न मोजायचे आणि वर त्याला शास्त्र म्हणायचे, हे मान्य नाही. २०२४ ची मदत साधारण २१,२०० कोटी डॉलर होती. ०.७ पाळले असते तर ती ४५,००० कोटींच्या आसपास गेली असती. इतके देणे श्रीमंत देशांना जड नाही. चार देश ते देऊन सुखात आहेत.

पियर्सन अहवाल आला त्याच १९६९ साली गाडगीळ दिल्लीत नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. केंद्राने राज्यांना मदत कशी वाटावी याचे, त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र तेव्हाच मान्य झाले. ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के दरडोई उत्पन्नात मागे असलेल्या राज्यांना, उरलेले करवसुलीचे प्रयत्न, मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि खास अडचणी यांवर. त्यामुळे मदतीचा मोठा भाग तरी कोणाच्या मर्जीवर राहिला नाही. ०.७ ला असे सूत्राचे बळ देण्याचा प्रयत्न ब्रिटनने २०१५ साली कायदा करून केला. २०२१ मध्ये त्याच कायद्यातल्या पळवाटेने मदत ०.५ वर आणली गेली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने ती २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे जाहीर केले.