कुमिहिमो : जपानी गोफविणीची ओळख आणि रेशमाची निवड

शिगम्याच्या दिवसांत काणकोणच्या मांडावर गोफ रंगतो, तेव्हा वर एका ठिकाणी बांधलेले रंगीत दोर हाती धरून नाचणारे एकमेकांना वळसे घालत जातात आणि पाहता पाहता त्यांच्या डोक्यावर घट्ट वेणी उतरू लागते. पुढे तीच पावले उलट टाकली की वेणी सुटते आणि दोर मोकळे होतात. कुमिहिमो या जपानी कलेचे मर्म समजून घेण्यासाठी हेच दृश्य मनात धरावे. नाचणाऱ्यांच्या जागी धागा गुंडाळलेली वजनदार रिळे आहेत आणि मांडाच्या जागी मध्ये भोक असलेला गोल लाकडी चौरंग, अशी कल्पना केली की झाले. येथे गोफ त्या भोकातून खाली उतरतो.

‘कुमु’ म्हणजे गुंफणे आणि ‘हिमो’ म्हणजे दोरी. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा वेगळे असतात. कुमिहिमोत प्रत्येक धागा तिरपा जातो आणि आळीपाळीने दोन्हींचे काम करतो. त्यामुळे हा गोफ ओढला तर किंचित लांबतो, सोडला तर पूर्ववत होतो आणि पीळ दिलेल्या दोरीसारखा उलगडत नाही. जपानी योद्ध्यांच्या चिलखतातील लहान लहान पत्रे एकमेकांना जोडण्यासाठी रेशमी गोफच वापरले जात, त्याचे कारण हेच. एका चिलखताला असे शेकडो फूट गोफ लागत. तलवारीची मूठ आणि म्यान यांनाही ते लागतच.

नारा येथील शोसोइन या भांडारात आठव्या शतकातील रेशमी गोफ आजही जतन केलेले आहेत. आज जी साधने कुमिहिमोची म्हणून दाखवली जातात, त्यांवरच हे जुने गोफ विणले गेले असावेत, असे बराच काळ मानले जात असे. मासाको किनोशिता यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र हातांत धाग्यांचे फासे धरून ते एकमेकांतून काढण्याची जुनी पद्धत उलगडून दाखवली. चौरंग त्यानंतरचा.

१८७६ मध्ये जपान सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि गोफ विणणाऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक एका फर्मानाने नाहीसे झाले. हा धंदा तगला तो स्त्रियांच्या कमरेवर. किमोनोवर बांधल्या जाणाऱ्या ‘ओबी’ या रुंद पट्ट्याची गाठ सुटू नये म्हणून तिच्यावरून एक अरुंद गोफ आवळतात; त्यास ‘ओबिजिमे’ म्हणतात. जुने कारागीर तिकडे वळले. मिए प्रांतातील इगा या गावी १९०२ मध्ये तोक्योहून हे तंत्र आणले गेले आणि इगा व क्योतो या दोन्ही ठिकाणच्या कुमिहिमोला १९७६ मध्ये पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला. (निन्जांसाठी प्रसिद्ध असलेले इगा ते हेच.) नव्या पिढीला ही कला ठाऊक झाली ती बहुधा माकोतो शिन्काई यांच्या २०१६ च्या ‘किमि नो ना वा’ या चित्रपटामुळे, त्यात लाल गोफ कथेच्या केंद्रस्थानी आहे.

शिकण्याचे मुख्य साधन म्हणजे ‘मारुदाई’, अर्थात वर वर्णिलेला चौरंग. रिळांना ‘तामा’ म्हणतात. त्यांच्या पोटात शिसे असते व सर्वांचे वजन समान असते. विणला गेलेला गोफ खालून ओढून धरणारे एक प्रतिवजन असते. ते सर्व तामांच्या एकूण वजनाच्या साधारण निम्मे किंवा थोडे कमी ठेवतात. उदाहरणार्थ, ७० ग्रॅमचे आठ तामा, म्हणजे ५६० ग्रॅम असतील तर प्रतिवजन २५० ते २८० ग्रॅम. ते वाढवले की गोफ सैल व लवचीक होतो, कमी केले की आखूड आणि कडक. कुशल सुतार मारुदाई सहज करून देईल. अट एवढीच की वरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत हवा. जपानीत त्या भागाचे नावच ‘कागामी’, म्हणजे आरसा, असे आहे.

नवशिक्यासाठी फोमची किंवा जाड पुठ्ठ्याची, कडेला ३२ खाचा असलेली चकती पुरते. ‘कोंगो गुमी’ हा आठ पदरी गोल गोफ प्रथम शिकावा. चार दिशांना दोन-दोन धागे लावावेत. वरच्या जोडीतील उजवा धागा खालच्या जोडीच्या उजवीकडे आणावा, खालच्या जोडीतील डावा धागा वरच्या जोडीच्या डावीकडे न्यावा आणि चकती पाव वळसा फिरवावी. फिरवण्याची दिशा शेवटपर्यंत एकच ठेवावी. चाल एवढीच. आरंभी रंग कोठे मांडले, यावर नक्षी ठरते. चाल तीच ठेवून केवळ मांडणी बदलली तरी गोफाचे रूप पालटते. मध्येच उठावे लागले तर अर्धी चाल करून, एका बाजूला तीन धागे ठेवून उठावे; परतल्यावर कोठे होतो ते लगेच कळते. चूक झाल्यास गोफातील नाचणाऱ्यांप्रमाणे उलट पावलांनी परत जावे. कात्री लावू नये.

पहिले दोन-तीन गोफ जाड सुती धाग्याचे करावेत. रेशीम त्यानंतर, आणि खरी अडचण तेथे सुरू होते. हौसेने महागडे रेशीम आणून ते फोमच्या चकतीवर चढवणारे पुष्कळ असतात. चकतीच्या खाचेत प्रत्येक चालीला धागा घासला जातो. पीळ नसलेले तलम तंतू चपटे होतात, त्यांना तूस येते आणि ज्या झळाळीसाठी पैसे मोजले तीच जाते. चकतीवर काम करायचे असेल तर चांगला पीळ दिलेले रेशीम घ्यावे. अल्प पिळाचे, झळाळते रेशीम मारुदाईसाठी राखावे.

रेशमाचे दोन मुख्य प्रकार ध्यानात ठेवावेत. कोषातून अखंड उकललेला तंतू शेकडो मीटर लांब असतो. त्यापासून केलेला धागा गुळगुळीत व चकचकीत होतो. तुटक तंतू कातून केलेला धागा मऊ, पण मंद चकाकीचा असतो. तो हातातून निसटत नाही, म्हणून पहिल्या रेशमी गोफासाठी मला तोच योग्य वाटतो. एरी रेशीम या दुसऱ्या प्रकारात मोडते. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंक असतो आणि वजनाचा पाव भाग तोच असू शकतो. तो उतरवलेले रेशीमच घ्यावे. अन्यथा धागा ताठ राहतो आणि पुढे कधी गोफ धुतला गेला तर त्याचा पोत बदलतो.

साडीच्या विणकामासाठी कर्नाटकात मिळणाऱ्या दोन किंवा तीन पदरी रेशमाच्या लडी गोव्यातील व बेळगावच्या वाचकाला जवळच्या. हा धागा फार बारीक असतो. प्रत्येक तामावर असे अनेक धागे समांतर गुंडाळावे लागतात. त्यांची संख्या सर्व तामांवर तंतोतंत सारखी हवी आणि ताणही. एखादा धागा सैल राहिला तर तो गोफावर फुगा होऊन दिसतो व नंतर काहीही करून बसत नाही.

बाजारात ‘रेशमी धागा’ म्हणून विकला जाणारा माल बहुधा रेयॉन किंवा पॉलिएस्टर असतो. मीही एकदा अशा लडीवर भाळून दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. टोक जाळून पाहावे: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, रेयॉन कागदासारखा जळतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. केंद्रीय रेशीम मंडळाने पुरस्कृत केलेले ‘सिल्क मार्क’ हे शुद्धतेचे चिन्ह असल्यास उत्तम. रंगाची परीक्षाही तेथेच करावी. ओल्या पांढऱ्या सुती कापडात धागा दाबून धरावा. लाल व गडद निळा यांचा विशेष संशय घ्यावा, कारण पांढऱ्याशेजारी विणल्यावर घामेजल्या बोटांनीही ते पसरतात.

लांबीचा हिशेब आधी करावा. तयार गोफाच्या किमान दुप्पट धागा लागतो, जाड गोफाला त्याहून अधिक. हात खरखरीत असल्यास तलम तंतू त्वचेला अडकतात. बसण्यापूर्वी थोडे तेल चोळून ते पूर्ण पुसून टाकावे. आपल्याकडील पावसाळ्यात रेशीम हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून लडी प्लॅस्टिकमध्ये न कोंडता सुती फडक्यात ठेवाव्यात. गोफ पुरा झाला की दोन्ही टोके दोऱ्याने घट्ट आवळून गोंडे सोडावेत. विणताना दुमडलेले गोंड्याचे तंतू उकळत्या किटलीच्या वाफेवर क्षणभर धरले की सरळ होतात. मग कात्रीने एका रेषेत छाटावेत.