लोकसभेच्या कार्यसूचीवर भाष्य, गुरुग्रामच्या वाचकासाठी

लोकसभेच्या बैठकीची कार्यसूची आधीच निघते: हिंदी आणि इंग्रजीत काही पाने, खाली महासचिवांचे नाव. नियम 31 प्रमाणे यादीत नसलेले काम अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सभागृहात घेता येत नाही. सभागृहाचा वेळ कोणाच्या हातात आहे, हे या पानांवरून जेवढे कळते तेवढे भाषणांवरून कळत नाही. खाली एका साध्या दिवसाच्या यादीतल्या ओळी क्रमाने घेतल्या आहेत. 2016 च्या जुलैत गुरुग्रामच्या हिरो होंडा चौकात पाणी तुंबले, राष्ट्रीय महामार्गावर रात्रभर गाड्या अडकल्या, जमावबंदीचा आदेश काढावा लागला. त्या वेळी पावसाळी अधिवेशन चालूच होते. असे गाऱ्हाणे यांतल्या कोणत्या ओळीत बसते, हे पाहत पुढे जाऊ.

‘सकाळी 11 वाजता’

गणसंख्या एक दशांश, म्हणजे 543 पैकी 55. दुपारी जेवणानंतर सभागृह किती रिकामे असते हे टीव्हीवर पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. गणसंख्येचा मुद्दा कोणी काढला नाही तर काम चालू राहते.

‘प्रश्न’

कार्यसूचीत प्रश्न छापलेले नसतात. वेगळ्या याद्यांतले प्रश्न विचारले जातील, एवढेच इथे म्हटलेले असते. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या. एका दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित. तारांकिताला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि सदस्याला उपप्रश्न विचारता येतो. खरी उलटतपासणी ती. तासाभरात वीसपैकी पाच-सहा झाले तरी पुष्कळ. बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर जातात.

गुरुग्रामच्या वाचकाला या ओळीत तीन अडथळे भेटतात. पहिला मुदतीचा. प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, मग सोडत निघते, आणि मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. आज तुंबलेल्या पाण्याचे उत्तर ते ओसरल्यावरच यायचे. दुसरा विषयाचा. प्रश्न मुख्यतः केंद्र सरकारच्या जबाबदारीतला हवा. चौकातले पाणी वाहून नेणारा बादशाहपूरचा नाला हा राज्याचा आणि स्थानिक यंत्रणेचा विषय, महामार्ग केंद्राचा. पाणी एकच, पण रस्त्याच्या कडेला आले की मंत्रालय बदलते. कसबी खासदार म्हणून नाल्याचे नावच घेत नाही. महामार्गाच्या जलनिचरा व्यवस्थेवर किती खर्च झाला, असे विचारतो.

तिसऱ्या अडथळ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मंत्री दुसऱ्या मंत्र्याला प्रश्न विचारत नाही. गुरुग्रामचे खासदार राव इंद्रजित सिंह 2014 पासून राज्यमंत्री आहेत. मंत्रालयात त्यांचे वजन असेल, पण हिरव्या कागदावर त्यांचे नाव येणार नाही. म्हणजे या शहराचा प्रश्न दुसऱ्या कुणा मतदारसंघाच्या खासदाराने विचारायचा. 1957 मध्ये इथून निवडून आलेले मौलाना आझादही शिक्षणमंत्रीच होते. पुढे 1977 ते 2009 या काळात तर गुरगाव (गुरुग्रामचे जुने नाव) हा लोकसभा मतदारसंघच नव्हता. शहर वाढले ते महेंद्रगड मतदारसंघात असताना.

हा तास गेला की काय जाते, हे 2020 च्या सप्टेंबरात दिसले. कोविडचे कारण देऊन त्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास ठेवला नव्हता. लेखी उत्तरे मिळत होती, उपप्रश्न गेले.

‘पटलावर ठेवायची कागदपत्रे’

दुपारी बाराची वेळ. मंत्री एकामागून एक उठतात, आपल्या नावासमोरचे कागद ठेवल्याचे सांगतात आणि बसतात. पाच-दहा मिनिटांत संपणारी ही ओळ मला सगळ्यांत कमी लेखलेली वाटते. कायदा संसद करते, पण त्याखालचे नियम आणि अधिसूचना मंत्रालये काढतात, आणि त्या सभागृहापुढे येतात त्या इथेच. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 खाली केलेले पथकराचे नियमही संसदेपुढे ठेवावे लागतात. खेडकी दौलाच्या टोलनाक्यावर वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्यांनी ही ओळ वाचायला हवी. या ओळीत आवाज चढवायला जागा नाही, पण दस्तऐवज हाती लागतो.

(इथे ओळ नाही)

यानंतर शून्य प्रहर येतो. नियमांच्या पुस्तकात तो नाही. 1960 च्या दशकात वहिवाटीने रुजला. सदस्य बैठकीआधी सूचना देतात, सोडतीने नावे निघतात, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे. हिरो होंडा चौकाचे पाणी त्याच दिवशी सभागृहात पोचायचे असेल तर सोपी वाट हीच. मात्र उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यावर नाही. स्थगन प्रस्ताव देता येतो, पण त्यात सरकारवर ठपका ठेवण्याचा भाग असल्यामुळे तो स्वीकारला जाणे विरळाच.

‘नियम 377 खालील बाबी’

जो हरकतीचा मुद्दा नाही असा विषय या नियमाने मांडायचा. व्याख्या नकारात्मक आहे, म्हणून आधी नियम 376 वाचल्याशिवाय 377 कळत नाही. हरकतीचा मुद्दा फक्त नियमांच्या, किंवा सभागृहाचे कामकाज बांधणाऱ्या घटनेच्या कलमांच्या, अर्थाविषयी आणि अंमलाविषयी असू शकतो. तोही त्या क्षणी जे काम चालू आहे त्याच्याशी जोडलेला हवा. त्यावर चर्चा होत नाही. अध्यक्ष निर्णय देतात आणि तो अंतिम असतो. माहिती मागण्यासाठी तो उठवता येत नाही, वैयक्तिक खुलाशासाठीही नाही. मतदानाची घंटा वाजली नाही किंवा ऐकू आली नाही, ही तक्रारसुद्धा चालत नाही. नियम करणाऱ्यांनी किती पळवाटा पाहिल्या असतील, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

हे हत्यार चालवण्यात पुण्याच्या मधू लिमयांचा हात धरणारा क्वचित. 1964 मध्ये मुंगेरच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले. पाठीशी संख्या नव्हती, तेव्हा नियम आणि राज्यघटना हीच त्यांची फौज. आज उठणाऱ्या बहुतेक हरकती नियमाचा क्रमांक न सांगताच उठतात आणि पीठासीन अधिकारी पहिला प्रश्न तोच करतात: कोणत्या नियमाखाली? उत्तर नसेल तर माइक बंद.

आता 377. मजकूर साधारण 250 शब्दांचा, आधी मंजूर करून घेतलेला. सदस्य तो वाचतो किंवा पटलावर ठेवतो. उत्तर पुढे केव्हातरी मंत्रालयाकडून पत्राने येते. महाराष्ट्र विधानसभेतला औचित्याचा मुद्दा याच्या जवळचा. मतदारसंघातल्या पुलांची, रेल्वे थांब्यांची आणि टोलनाक्यांची गाऱ्हाणी इथे साचतात.

‘विधायी कामकाज’

दिवसाचा मोठा भाग हा. सरकारी कामाचा क्रम सभागृह नेत्याशी सल्लामसलत करून अध्यक्ष ठरवतात आणि कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती सुचवते. समितीत अध्यक्षांसह जास्तीत जास्त 15 सदस्य. ती 1952 साली आली, दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असताना. त्याआधी त्यांनी मुंबईच्या विधानसभेत 1937 ते 1946 अध्यक्षपद सांभाळले होते. तास ठरले की पक्षांच्या संख्येप्रमाणे मिनिटे वाटली जातात. एकट्यादुकट्या खासदाराला तीन मिनिटे मिळतात ती या वाटणीतून. समितीची बैठक बंद दाराआड होते आणि बाहेर चाललेल्या गोंधळाचे मूळ पुष्कळदा तिथल्या न जुळलेल्या बोलण्यात असते.

‘नियम 193 खालील चर्चा’

चर्चा होते, मतदान नाही. मतदान हवे असेल तर 184. अधिवेशनाचा अर्धा आठवडा या दोन आकड्यांच्या भांडणात जाऊ शकतो, आणि ते भांडण पोरकट नाही: 184 खाली प्रत्येक पक्षाची भूमिका मतांच्या नोंदीत उतरते.

‘खासगी सदस्यांचे कामकाज’ (शुक्रवारी)

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. गावी जायची विमाने पकडण्याची वेळही तीच. आजवर अशी 14 विधेयके कायदा झाली, शेवटचे 1970 मध्ये. कायदा न झालेल्या एका विधेयकाचा धागा मात्र गुरगावशी जुळतो. मौलाना आझादांच्या निधनानंतर 1958 च्या पोटनिवडणुकीत गुरगावहून अपक्ष निवडून आले ते प्रकाशवीर शास्त्री. 1962 नंतर ते दुसऱ्या मतदारसंघातून लोकसभेत होते. अनुच्छेद 370 रद्द करण्याचे खासगी विधेयक त्यांनी 1964 मध्ये मांडले. ते संमत झाले नाही, पण मोठी चर्चा झाली आणि गृहमंत्री गुलझारीलाल नंदांना सविस्तर उत्तर द्यावे लागले.

‘महासचिव’

नावाखाली पान संपते, पण यादी संपेलच असे नाही. पुरवणी कार्यसूची निघू शकते. 5 ऑगस्ट 2019 रोजी राज्यसभेत अनुच्छेद 370 विषयीचा ठराव आणि जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक असेच त्याच दिवशी पुरवणी यादीतून आले. सभापती व्यंकय्या नायडू यांनी पूर्वसूचनेची अट शिथिल केली. दुरुस्त्या सुचवायला वेळच मिळाला नाही, ही विरोधकांची तक्रार. तशी परवानगी देण्याचा अधिकार नियमांनीच दिलेला, हे पीठाचे म्हणणे. दोन्ही खरे आहे. शास्त्रींच्या विधेयकावरचे मत बनवायला सदस्यांना आठवडे मिळाले होते. या वेळी विधेयक मांडले गेले आणि राज्यसभेत संमत झाले ते एकाच दिवसात.