दारूगोळ्याचें माप

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ‘दारूखाना’ नांवाची वस्ती आहे आणि माझगांवांत एका रस्त्याचें नांव ‘गनपावडर रोड’ असें आहे. तेथून नित्य जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या मनांत हा विचार येत असेल कीं, ज्या वस्तूच्या नांवानें ह्या जागा ओळखल्या जातात, तिनेंच बंदरापलीकडील किनाऱ्याचें, म्हणजे रेवस-अलिबागेपासून मुरुड-जंजिऱ्यापर्यंतच्या किनारपट्टीचें, तीन शतकांचें भवितव्य ठरविलें.

‘दारू’ हा शब्द मूळचा फारसी. त्याचा पहिला अर्थ औषध. मराठींत तो मद्यासही लागला आणि बंदुकीच्या चूर्णासही लागला. आणि औषध असो, मद्य असो कीं बंदुकीची दारू असो, तिन्ही ठिकाणीं शहाणपण एकच, तें म्हणजे माप सांभाळणें. ‘तोफ’ हा शब्द तुर्कांकडून आला, ‘बंदूक’ अरबी-फारसीच्या वाटेनें आला, ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांनीं दिले. शब्दांच्या ह्या वंशावळीवरूनच कळतें कीं, हीं शस्त्रें कोंकणांत समुद्रमार्गें उतरलीं.

इतिहास वाचतांना वाचकाची दृष्टि सहज मोठ्या तोफेकडे जाते. जंजिऱ्याच्या बुरुजावरील ‘कलालबांगडी’ पाहण्यास हजारों लोक होड्यांतून जातात आणि तिच्या लांबीची व वजनाची चर्चा करीत परततात. परंतु तोफ ही केवळ एक नळी आहे. तिचा जीव दारूंत. आणि दारूचें बळ तीन गोष्टींवर अवलंबून: ती कोठून मिळते, ती कोरडी राहते कीं नाहीं, आणि ती किती घालावयाची हें घालणाऱ्यास ठाऊक आहे कीं नाहीं.

पहिली गोष्ट मिळण्याची. दारूचे घटक तीन: सोरा, गंधक आणि कोळसा. चार भागांतील सुमारें तीन भाग सोराच असतो. कोळसा कोंकणांत मुबलक. हलक्या लांकडाचा कोळसा ह्या कामीं उत्तम, आणि हिंदुस्थानांत पुढें इंग्रजांच्या कारखान्यांतही तुराट्यांचा कोळसा वापरीत असत. परंतु सोरा हा पाण्यांत चटकन विरघळणारा क्षार. कोंकणच्या मुसळधार पावसांत तो जमिनींत टिकावा कसा? कोरड्या मुलुखांत, जुन्या भिंतींच्या पायथ्याशीं आणि गुरांच्या गोठ्यांजवळच्या मातींत तो धरतो. ती माती धुवून, पाणी आटवून त्याचे खडे काढावे लागतात. बिहारचा सोरा तर जगाच्या बाजारांत नांवाजलेला होता. गंधक इराणच्या आखाताकडून समुद्रमार्गें येई. गोळ्यांसाठीं लागणारें शिसेंही बहुधा परदेशी व्यापाऱ्यांच्या जहाजांतूनच येई. अर्थात् किनाऱ्यावरील किल्ल्याची तोफ डागावयाची तर तीन दिशांच्या वाटा खुल्या असाव्या लागत.

म्हणूनच दारूगोळा पुरविणारा व्यापारी तटस्थ आहे कीं नाहीं, हा प्रश्न राज्यकर्त्यांना जीवन-मरणाचा वाटे. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हां राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन ह्यानें त्यास गरनाळांचे गोळे पुरविले आणि स्वतः तेथें जाऊन आपल्या निशाणाखालीं गडावर मारा केला. त्याचें उत्तर पुढच्याच वर्षीं मिळालें. १६६१ च्या मार्चमध्यें शिवाजी महाराजांनीं राजापूर घेतलें, वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेंत टाकलें. त्यांची सुटका १६६३ पर्यंत झाली नाहीं. दारूगोळा विकणें हा निव्वळ व्यापार नव्हे, ही समज किनाऱ्यावरील सर्व टोपीकरांना त्या एका प्रसंगानें मिळाली.

दुसरी गोष्ट दारू कोरडी ठेवण्याची. आणि येथें समुद्रकांठच्या किल्ल्यांचें दुर्दैव उघड होतें. समुद्र हा त्यांचा खंदक, तोच त्यांच्या दारूचा वैरी. सोरा नीट शुद्ध केलेला नसला, त्यांत मिठाचा अंश राहिला, तर तो हवेंतील ओल शोषून घेतो. चार महिन्यांचा पाऊस आणि बारमाही खारा वारा ह्यांत ठेवलेली दारू दगडासारखी घट्ट होते किंवा नुसती धुमसते. जुन्या पद्धतीची भुकटीसारखी दारू तर हलविण्यानेंही बिघडे. जड घटक खालीं बसे, हलका वर येई, आणि एकाच मडक्यांतील दोन मापांचें बळ सारखें राहत नसे.

ह्या बाबतींत मराठी राज्यकारभाराची दक्षता किती सूक्ष्म होती, हें रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’वरून दिसतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोल्हापूरच्या गादीसाठीं लिहिलेल्या ह्या ग्रंथांत दुर्गांच्या प्रकरणीं दारूखान्याची सविस्तर व्यवस्था सांगितली आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. सदरेपासून दूर, भोवतीं कुंपण घालून बांधावा. त्यास तळघर असावें, तळघरास गच करावा. दारूचीं मडकीं जमिनीवर न ठेवतां माचावर ठेवावीं. बाण आणि होके वेगळ्या दालनांत ठेवावे. ओल लागूं देऊं नये. दर आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें जातीनें येऊन सर्व जिन्नस बाहेर काढावा, त्यास ऊन द्यावें आणि पुन्हां मुद्रा करून ठेवावा. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवांचून कोणी जवळ फिरकूं नये. पावसाळ्यांत तोफांना तेल-मेण द्यावें आणि त्यांचे काने मेणानें बुजवून ठेवावे, असेंही त्यांत सांगितलें आहे. ज्यांनीं कोंकणचा पावसाळा भोगला आहे, तेच अशीं वाक्यें लिहूं शकतात.

ज्वालाग्राही वस्तु वेगवेगळ्या ठेवाव्या, हा त्यांतील नियम किती मोलाचा होता, ह्याचें भयंकर प्रत्यंतर दोनशेंहून अधिक वर्षांनीं ह्याच बंदरांत आलें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर स्फोटकें आणि कापसाच्या गांठी एकत्र भरलेल्या होत्या. कापूस पेटला, आग स्फोटकांपर्यंत पोंचली, आणि दोन प्रचंड स्फोटांत शेंकडों माणसें मेलीं व गोद्या उद्ध्वस्त झाल्या.

तिसरी गोष्ट मापाची. आणि हीच खरी गोलंदाजाची विद्या. ठासणीच्या तोफेंत प्रत्येक बार हातानें भरावा लागे. आधींच्या बाराची ठिणगी आंत राहिली नाहीं ना, म्हणून ओल्या बोळ्यानें नळी पुसावयाची. लांब दांड्याच्या पळीनें दारू तळाशीं सोडावयाची. ती गजानें ठासावयाची. मग चिंधी, मग गोळा. शेवटीं कान्यांत बारीक दारू घालून पलिता लावावयाचा. युरोपीय तोफखान्यांत अठराव्या शतकांत साधारणतः गोळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत दारू घालीत असत. कमी पडली तर गोळा शत्रूपर्यंत न पोंचतां पाण्यांत पडे. अधिक झाली तर तोफच फुटे आणि आपलींच माणसें मरत. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० सालीं रॉक्सबरोच्या वेढ्यांत स्वतःच्याच तोफेजवळ उभा असतां ती फुटून मेला.

शिवाय माप म्हणजे केवळ वजन नव्हे. दारू ओली करून, तिच्या वड्या करून, त्या फोडून दाणेदार करण्याची युक्ति युरोपांत निघाली. दाण्यांमधील पोकळींतून जाळ झपाट्यानें पसरतो, म्हणून तेवढ्याच वजनाची दाणेदार दारू भुकटीपेक्षां पुष्कळ जोरकस असते. जुन्या तोफेंत जुन्याच मापानें ही नवी दारू घातली तर तोफ फुटण्याचा संभव. तेव्हां ‘किती’ ह्याइतकाच ‘कोणती’ हा प्रश्न महत्त्वाचा होता.

पोर्तुगीजांनीं ह्या किनाऱ्यावर आणखी एक प्रकार आणला. गलबतांच्या कठड्यावर आणि तटावर बसवावयाच्या त्यांच्या लहान फिरत्या तोफा मागील बाजूनें भरीत. प्याल्याच्या आकाराचीं लोखंडी नळकांडीं आधींच दारूनें भरून ठेवावयाचीं. एक उडालें कीं काढून दुसरें बसवावयाचें. आजच्या काडतुसाचा हा पूर्वजच म्हणावयाचा. मारा भराभर होई. परंतु सांध्यांतून वाफ निसटे आणि भारी बार त्या सांध्यास सोसत नसे. वेग हवा तर जोर कमी, जोर हवा तर वेग कमी, हा पेंच शस्त्रकारांपुढें तेव्हांपासून उभा राहिला. त्याच चौलच्या खाडीच्या तोंडाशीं १५०८ सालीं मिसरच्या व दीवच्या आरमारांशीं लढतांना पोर्तुगीज व्हाइसरॉयाचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तोफेच्या माऱ्यानें ठार झाला होता, आणि त्याच चौलच्या ठाण्यानें १५७०-७१ मध्यें निजामशाहीचा दीर्घ वेढा सोसून दाखविला. ज्या समुद्रवाटेनें कुमक येई ती शेवटपर्यंत पोर्तुगीजांच्या हातीं राहिली, हें त्यांतील एक मुख्य कारण होय.

हाच धडा मराठ्यांनीं आपल्या जलदुर्गांस लावला. जंजिऱ्याच्या उरावर उभारलेल्या पद्मदुर्गाची रसद वेळेवर न पोंचविणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदारास, जिवाजी विनायकास, शिवाजी महाराजांनीं १६७५ च्या जानेवारींत लिहिलेलें कडक पत्र प्रसिद्ध आहे. ब्राह्मण म्हणून गय होणार नाहीं, असें त्यांत स्पष्ट बजाविलें आहे. समुद्रांत बांधलेला किल्ला हा तटानें नव्हे, पुरवठ्यानें जगतो, हें त्या संतापाचें मर्म.

१६७९ सालीं खांदेरीवर तेंच घडलें. मुंबईच्या तोंडाशीं असलेलें हें लहानसें बेट मराठ्यांनीं बांधण्यास घेतलें आणि इंग्रजांनीं आरमार पाठवून त्याची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर रोजीं झालेल्या झुंजींत ‘डव्ह’ हें इंग्रजांचें गलबत मराठ्यांच्या हातीं लागलें. परंतु कॅप्टन केग्विन ह्याच्या ‘रिव्हेंज’नें एकटीनें मारा करून मराठ्यांचीं अनेक गलबतें मागें हटविलीं. तोफांच्या सामन्यांत इंग्रज वरचढ ठरले. तरीही बेट त्यांना मिळालें नाहीं. कारण उथळ पाण्यांतून चालणारे मराठ्यांचे हलके मचवे रात्रीच्या अंधारांत नाकेबंदी चुकवून खांदेरीवर सामान उतरवीत राहिले. मोठ्या जहाजांना त्या पाण्यांत शिरतां येईना. शेवटीं इंग्रजांनीं तह केला आणि बेट मराठ्यांकडेच राहिलें. पुढें १७१८ सालीं मुंबईचा गव्हर्नर बून ह्यानें कान्होजी आंग्र्यांच्या काळांत त्यावर पुन्हां चाल केली, तीही फसली.

कुलाब्याचें आंग्र्यांचें संस्थान १८४० सालीं खालसा झालें. कुलाबा किल्ल्यावर आज चाकांच्या गाड्यांवरील ज्या दोन तोफा दिसतात, त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर कारखान्याचें नांव आहे. तोंवर दारूची विद्याही पालटूं लागली होती. कागदी काडतुसाच्या जागीं पितळी काडतूस आलें. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएल ह्यानें बिनधुराची दारू शोधली, आणि तिचें बळ काळ्या दारूच्या कितीतरी पट निघालें. १९१२ सालीं लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनें मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठीं ‘मॅग्नम’ काडतूस काढलें. मॅग्नम म्हणजे लॅटिनमध्यें ‘मोठें’. गंमत अशी कीं, इंग्रजींत हा शब्द दारूच्या मोठ्या बाटलीसही लावितात.

पुढें एकामागून एक गोळी आपोआप नळींत चढविणाऱ्या शिकारी रायफली निघाल्या, आणि पोर्तुगीजांच्या फिरत्या तोफेपुढील पेंच पुन्हां उभा राहिला. अशा पुष्कळ रायफलींत बाराच्या वाफेचा कांहीं अंश वळवून त्याच्या रेट्यानें मागील यंत्र उघडतें, रिकामें काडतूस फेंकलें जातें आणि दुसरें बसतें. तेथें मॅग्नमसारखा भारी बार असेल आणि दारू भलत्या जातीची किंवा किंचित् अधिक असेल, तर यंत्र वेळेआधीं उघडतें किंवा मोडतें. परदेशांत रिकामीं पितळी काडतुसें घरींच पुन्हां भरणारे छांदिष्ट शिकारी दारू ‘ग्रेन’मध्यें मोजतात, एक ग्रेन म्हणजे गुंजेच्या सुमारें निम्मा. सोनाराच्या कांट्याचें हें काम आहे. बुरुजावरील गोलंदाजाच्या पळीपासून ह्या कांट्यापर्यंत शास्त्र कितीतरी पुढें गेलें, परंतु नियम तोच राहिला: शस्त्रास सोसेल तेंच त्याचें बळ, त्यापलीकडील दारू शत्रूवर नव्हे, धन्यावर उलटते.

मुरुडजवळ फणसाडचें रान आहे. तें जंजिऱ्याच्या नबाबांचें राखीव शिकारीचें जंगल होतें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचें युग संपलें आणि १९८६ सालीं तें रान अभयारण्य झालें. ज्या झाडींत पूर्वी नबाबांच्या बंदुकांचे बार घुमत, तेथें आतां शेकरू निर्धास्त फिरते. समोरच्या जंजिऱ्यावर कलालबांगडी ऊन-पाऊस खात पडली आहे. तिच्याकडे पाहणाऱ्यानें तिची लांबी अवश्य पाहावी; पण दर पंधरा दिवसांनीं दारूचीं मडकीं उन्हांत मांडणारा हवालदार, काळोखांत मचवा हांकणारा नाखवा आणि पळी भरतांना हात आंवरणारा गोलंदाज ह्यांचीही आठवण करावी. किनारा राखला तो अशा माणसांनीं.